मारधाडीची मालिका आणि नववीतला मुलगा

अमळनेरहून एका आईने पाठवलेले पत्र, थोडे आटोपते करून:

"नमस्कार ताई. माझा मुलगा साडेचौदा वर्षांचा आहे, जूनमध्ये नववीत जाईल. मुलगी अकरा वर्षांची आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरतेहून जेठांचा मुलगा आला आहे, तो सतरा वर्षांचा. बाहेर पाऊल ठेवता येत नाही असे ऊन आहे, त्यामुळे तिघेही दुपारभर टीव्हीसमोर असतात. पोलीस आणि टोळी यांच्या मारामारीची एक हिंदी मालिका त्यांनी सुरू केली आहे. नाव वेगळ्या चिठ्ठीत लिहिले आहे. तिच्यावर 'यूए १६+' असे येते. मी ती बंद केली तर मुलगा म्हणतो, वर्गातल्या सगळ्यांनी पाहिली. यांचे म्हणणे असे की आम्हीही मारधाडीचे सिनेमे पाहूनच मोठे झालो, आमचे काय बिघडले? सासूबाई संध्याकाळी एवढेच म्हणतात, 'दिवा लावानी येळ व्हयनी, बंद कर ते.' मी पिन घातला होता, पण मुलीची जन्मतारीखच ठेवल्यामुळे पुतण्याने तो पहिल्याच दुपारी ओळखला. आणखी एक सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ पारोळ्याजवळ महामार्गावर अपघातात गेला. मुलाचा तो फार लाडका मामा होता. त्याविषयी मुलगा घरात एक शब्द बोलत नाही. त्याला ही मालिका पाहू द्यावी का, एवढे स्पष्ट सांगा."

ताई,

तुम्ही स्पष्ट उत्तर मागितले आहे, म्हणून ते आधी देते आणि कारणे मागून सांगते. पहिले पर्व मुलाने तुमच्या किंवा त्याच्या वडिलांच्या सोबत बसून पाहायला माझी हरकत नाही. त्यातला सहावा भाग मात्र त्याला आधी कल्पना देऊन आणि त्याची इच्छा असेल तरच लावावा. दुसरे पर्व त्याला आणखी दोन वर्षे तरी दाखवू नये. अकरा वर्षांच्या मुलीसाठी ही मालिका मुळीच नाही, आणि ती खोलीत असताना दोन्ही दादांनीही मालिका लावू नये.

आता त्या शिक्क्याविषयी. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा 'यूए १६+' हा शिक्का कुणी मारला, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते. चित्रपटगृहात लागणाऱ्या सिनेमाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते मंडळ, प्रमाणपत्र देते. इंटरनेटवरून घरात येणाऱ्या मालिका त्या मंडळापुढे जात नाहीत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे मालिका दाखवणारी कंपनी स्वतःच तिचे वर्गीकरण करते आणि त्यासाठी यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशा पाच पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. त्यांतल्या 'यूए १६+'चा अर्थ असा की हा आशय सोळा आणि त्यापुढच्या वयाला योग्य आहे, आणि सोळाच्या आतले मूल तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहू शकते. म्हणजे ज्या शिक्क्याकडे तुम्ही निकाल मागायला गेलात, त्याने तो निकाल उलट तुमच्याच ओटीत घातला आहे. 'ए' असा शिक्का असता तर मी हे पत्र चार ओळींत संपवले असते, कारण तेथे पालकांच्या मार्गदर्शनाची सवलतच नाही.

शिक्का अगदीच निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत हिंसा, अर्वाच्य भाषा, मादक पदार्थ, लैंगिक दृश्ये असे शब्द येतात आणि ते आकड्यापेक्षा जास्त सांगतात. ज्याचे मुले अनुकरण करू शकतील असे धोकादायक वर्तन मालिकेत असेल तर तिला वरची श्रेणी द्यावी, असेही नियमांत म्हटले आहे. परंतु शिक्का सर्व मुलांसाठी एकच असतो, आणि तुमच्या मुलाचा मामा पारोळ्याजवळ गेला हे तो मारणाऱ्याला माहीत नसते. शिवाय या मालिकेच्या दोन्ही पर्वांवर एकच शिक्का आहे, आणि दोन्ही पर्वांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर मला मालिका पाहूनच कळले. तुमची चिठ्ठी आल्यावर मी पहिल्या पर्वाचे आठही भाग पाहिले आणि दुसऱ्याचे तीन. तुम्हाला इतके पाहायची गरज नाही. पहिला भाग, मधला एखादा आणि शेवटून दुसरा, असे तीन भाग पालकांनी पाहिले की मालिकेची जात कळते. शेवटच्या भागात सगळे हिशेब मिटवून टाकलेले असतात, म्हणून तो फसवा असतो. शेवटून दुसऱ्या भागात मात्र लेखक-दिग्दर्शक आपल्या हातातली सगळी दारू उडवून मोकळे होतात, आणि तेथेच त्यांचा हिंसेकडे पाहण्याचा खरा दृष्टिकोन उघडा पडतो. ट्रेलरवरून काही ठरवू नका, तो विक्रीचा माल असतो. आणि सासूबाईंना त्रास नको म्हणून आवाज बंद करून पाहण्याचा मोहही टाळा, कारण मारणाऱ्याचा गौरव बहुतेक वेळा चित्रातून होत नाही, तो मागच्या संगीतातून होतो.

पाहताना रक्त किती सांडले याचा हिशेब बहुतेक पालक करतात. मला तो हिशेब चुकीचा वाटतो. आपल्याच भागातले उदाहरण घ्या. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमारचे वय तेव्हा सोळाही पूर्ण नव्हते. ही गोष्ट आपण चौथी-पाचवीतल्या मुलांना सांगतो, शाळेत त्यावर नाटुकली बसवतो, आणि तीत बंदूक आहे, रक्त आहे, लहान मुलाचा मृत्यू आहे म्हणून कुणी पालक तक्रार घेऊन येत नाही. का येत नाही? कारण त्या गोष्टीत गोळी लागल्यावर काहीतरी कायमचे संपते, आणि ऐकणाऱ्या मुलाला ते कळते. झेंडा हातात असलेला मुलगा पडतो तेव्हा गोष्ट तेथे थांबते, पुढच्या मारामारीकडे धावत सुटत नाही.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आपल्याकडेच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या क्रांतिकारकांनी सरकारी खजिना वाटेत गाठून लुटला, जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी त्या कामगिरीत होते, आणि लुटीची रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये होती. शिंदखेड्याकडच्या माणसाने ही हकिकत सांगायला घेतली की ती आजच्या कुठल्याही दरोड्याच्या मालिकेइतकीच रंगते, यात शंका नाही. पण ती ऐकताना मूल आपसूक विचारते की पैसे कुणासाठी नेले, पकडले असते तर काय झाले असते, खजिन्याबरोबरच्या शिपायांचे काय झाले. ज्या गोष्टीतून असे प्रश्न फुटतात ती गोष्ट मुलाला मोठे करते, मग तिच्यात दरोडा का असेना. मालिका पाहताना मी हेच शोधत असते. मारल्यानंतर काय होते? मार खाणाऱ्याला नाव आहे का, घर आहे का? मारणारा दुसऱ्या दिवशी जेवू शकतो का?

या कसोटीवर पहिले पर्व बऱ्यापैकी उतरते. चौथ्या भागात एक हवालदार मारला जातो. गोळीबार मोजून अर्ध्या मिनिटाचा आहे, पण त्यानंतर जवळजवळ पंधरा मिनिटे कॅमेरा त्या हवालदाराच्या घरात बसून राहतो. त्याची बायको त्याचा इस्त्रीचा गणवेश घडी घालून ठेवते, मुलगा शाळेच्या फीची पावती शोधत असतो, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हट्टापायी तो मेला तो अधिकारी दारात उभा राहतो, आत येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने पाहावीत अशीच ही पंधरा मिनिटे आहेत. दुसऱ्या पर्वात मात्र हीच मंडळी काळे चष्मे लावून संथ गतीने चालू लागतात, माणसे नावाशिवाय मरतात, आणि एका गोदामात एका माणसाचा छळ इतका वेळ आणि इतक्या बारकाईने दाखवला आहे की मी स्वतः उठून पाणी प्यायला गेले. तो प्रसंग काढून टाकला असता तर कथेचे काहीही अडले नसते. ज्या हिंसेवाचून कथेचे अडत नाही, ती फक्त पाहणाऱ्याची चव बिघडवण्यासाठी घातलेली असते, असे माझे मत आहे.

परिणाम दाखवला की सगळे निभावते का? तसेही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बँडुरा यांनी १९६१ साली लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. मोठे माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बडवते आहे हे ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी संधी मिळताच तशीच, कधी त्याच शब्दांत बोलत, बाहुली बडवली. पुढे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात काही मुलांना मारणाऱ्याला शिक्षा झाल्याचेही दाखवले होते. त्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण काय पाहिलेस ते करून दाखव, बक्षीस देतो, असे म्हटल्यावर त्यांनाही ते इतर मुलांइतकेच करून दाखवता आले. म्हणजे शिक्षा पाहून हात आवरला, तरी पाहिलेले डोक्यात साठून राहिलेच. हे प्रयोग बालवाडीच्या वयाच्या मुलांवरचे आहेत आणि बाहुली म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे. मालिका पाहिली म्हणून मूल गुन्हेगार झाले असे सरळ गणित त्यातून निघत नाही, आणि पडद्यावरच्या हिंसेचा परिणाम नेमका किती यावर संशोधकांतही एकमत नाही. मी त्यातून एवढाच व्यवहारी धडा घेते की गुन्हा कसा करायचा याची कृती मालिकेत पायरी-पायरीने दाखवली असेल तर शेवटी गुन्हेगाराला जन्मठेप झाली म्हणून ती मालिका निर्धोक ठरत नाही. तुमच्या मालिकेच्या पहिल्या पर्वात अशी कृती नाही. दुसऱ्यात, निदान मी पाहिलेल्या तीन भागांत, एकदा आहे.

पहिल्या पर्वातल्या एका गोष्टीने मला रक्तापेक्षा जास्त अस्वस्थ केले, आणि तिच्याकडे बहुतेक पालकांचे लक्ष जात नाही. नायक पोलीस अधिकारी आहे, प्रामाणिक आहे, देखणाही आहे, आणि पहिल्याच भागात तो एका संशयिताला खुर्चीला बांधून मारतो. संगीत चढत जाते, संशयित गुन्हा कबूल करतो, माहिती खरी निघते, पुढे चला. मुलाच्या मनावर यातून जे ठसते ते असे की चांगला पोलीस मारतो आणि मारले की खरे बाहेर पडते. या दोन्ही गोष्टी कायद्याच्या विरुद्ध आहेत. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात शाबित करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ते होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते कायम आहे. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते, हे तर संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच लिहिले आहे. मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून खोटेही बोलतो, ही साधी गोष्ट मालिकेत कुणालाच सुचत नाही, कारण सुचली तर आठ भागांची मालिका वीस भागांची होईल.

म्हणून हा प्रसंग मुलासोबत पाहताना टीव्ही थांबवून व्याख्यान देऊ नका. पंधराच्या उंबरठ्यावरचा मुलगा व्याख्यानाचा वास लांबूनच ओळखतो. भाग संपल्यावर, जेवताना, सहज विचारा: 'तो माणूस खोटे बोलला असता तर?' एवढाच प्रश्न पुरे. उत्तर त्याच वेळी यायला हवे असेही नाही. मी धुळ्याला शाळेत शिकवत होते तेव्हा एकदा नववीच्या वर्गात मुलांना आवडत्या पोलिसी सिनेमाची गोष्ट लिहायला सांगितली होती. सगळ्यांनी मारामाऱ्या अगदी क्रमवार लिहिल्या, पण सिनेमात खून झालेल्या माणसाचे नाव एकालाही आठवेना. मी वह्या परत दिल्या आणि खाली एकच ओळ लिहिली, 'मेलेल्याचे नाव काय?' दुसऱ्या दिवशी चार-पाच मुले तेवढे नाव शोधून आली. त्यातल्या एकाने आईला विचारून आणले होते. (बाई, फौजदारीचा तास घेता का, असेही एक महाशय म्हणाले. त्यांना मी सांगितले की फौजदारी म्हटल्यावर मला फक्त आपल्याकडची फौजदारी डाळ आठवते.)

आता सहाव्या भागाविषयी. टोळीला एका साक्षीदाराला संपवायचे असते आणि ते त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवून अपघाताचा देखावा करतात. दृश्य लांबून घेतले आहे, रक्त जवळपास नाही, आणि नियमांच्या भाषेत सांगायचे तर त्या पर्वातली ही सर्वांत सौम्य हिंसा आहे. रस्ता चौपदरी आहे, कडेला धाबा आहे, रात्र आहे. त्यानंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक बसलेले दिसतात. वर्गातल्या सगळ्यांनी हा भाग पाहिला असेल आणि त्यांना त्यातले काही आठवतही नसेल. तुमच्या मुलाला मात्र तो पारोळ्याचा रस्ता वाटू शकतो. मालिका कुमारवयीन मुलांना योग्य आहे का, हा प्रश्न विचारला की आपण सगळ्या मुलांचा मिळून एक मुलगा कल्पितो, आणि तो मुलगा कुठल्याच घरात राहत नाही.

त्याला हा भाग चोरून, एकट्याने, पुतण्याच्या हशा-टाळ्यांत पाहावा लागू नये, एवढी काळजी तुम्ही घ्या. आधी सांगा. असे सांगा: 'सहाव्या भागात अपघात आहे. मामाची आठवण येईल. तुला पाहायचा असेल तर मी जवळ बसते, नको असेल तर गोष्ट मी तोंडी सांगते, आपण सातवा लावू.' तो खांदे उडवेल, 'मला काय फरक पडतो' म्हणेल. म्हणू द्या. दोन वर्षांत घरात ज्या विषयावर कुणी बोलले नाही तो विषय आईने आधी उच्चारला, हेच त्याच्यापर्यंत पोचायला हवे. तो भाग पाहताना तो उठून गेला तर मागे जाऊन समजूत घालत बसू नका, थोड्या वेळाने ताक घेऊन जा. ताई, मालिकेचा प्रश्न तुम्ही विचारला नसता तर ही मामाची गोष्ट तुम्ही मला लिहिली नसती, आणि मला वाटते तुमच्या पत्रातली मोठी गोष्ट तीच आहे. त्यानंतर काही आठवडे त्याची झोप मोडत असेल, तो गाडीवर मागे बसायला टाळत असेल किंवा जेवण कमी झाले असेल तर समुपदेशकाशी बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

शिव्यांविषयी तुम्ही काही लिहिले नाही, पण त्या भरपूर आहेत. नववीतल्या मुलाला त्यांतली एकही नवीन नसेल. मी फक्त एवढे पाहते की शिवी रागाची आहे की बाईची बेअब्रू करणारी आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या शिवीवर हशा पिकवला आहे का. पहिल्या पर्वात तसा हशा दोनदा आहे. दारू-सिगारेट आहे, तिची जाहिरातबाजी नाही. लैंगिक दृश्य पहिल्या पर्वात नाही, दुसऱ्यात एक आहे आणि तेही जबरदस्तीचे. दुसऱ्या पर्वाला माझा नकार असण्याचे तेही एक कारण आहे.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. ते मारधाडीचे सिनेमे पाहून मोठे झाले हे खरेच. पण ते सिनेमे ते कसे पाहत होते? वर्षातून चार-दोनदा, टॉकीजमध्ये, घरच्या कुणाबरोबर तरी, आणि तीन तासांनी पडदा पांढरा झाला की सायकल काढून घरी. सिनेमा आणि पुढचा सिनेमा यांच्यामध्ये महिने जात. आता एक भाग संपता संपताच दहा सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो, आणि थांबायचे की नाही हे ठरवण्याची तसदीही पाहणाऱ्याला घ्यावी लागत नाही. आपल्याकडे आखाजीला घराघरांत पत्त्यांचे डाव बसतात. कायद्याला त्यातले काय मान्य आहे ही गोष्ट वेगळी, पण आखाजीला पत्ते चालले म्हणून पुढचे बारा महिने चालतील असे कुठलीही खान्देशी आई म्हणत नाही. मुलाला सवलत देऊन तिला कुंपण कसे घालायचे हे तुमच्या घराला शिकवायची गरज नाही. दुपारी एक भाग, फार तर दोन, आणि रात्री जेवणानंतर एकही नाही, असे कुंपण मी सुचवते. आपोआप पुढे जाण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. या वयाच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते, आणि मारधाड पाहून अंथरुणावर पडलेले मूल लवकर झोपत नाही हे तुम्हीही पाहिले असेल. सासूबाईंची दिवेलागणीची वेळ या कामी फार सोयीची आहे. तो नियम तुम्ही केलेला नाही, त्यामुळे त्यावर वादही घालता येत नाही.

'वर्गातल्या सगळ्यांनी पाहिली' हे वाक्य अर्धवट खरे असते. सगळ्यांनी मालिका पाहिलेली नसते, सगळ्यांनी तिचे तुकडे पाहिलेले असतात. मोबाईलवर वीस-वीस सेकंदांच्या रील फिरतात, त्यांत खुर्चीला बांधलेल्या माणसाला मारतानाचा संवाद आहे, काळा चष्मा आहे, वरून गाणे जोडलेले आहे. हवालदाराच्या घरातली ती पंधरा मिनिटे कुठल्याही रीलमध्ये नाहीत. ज्या गोष्टीमुळे ही मालिका पाहण्याजोगी झाली आहे तीच नेमकी कापून टाकून उरलेला माल मुलांच्या हातात पोचतो, आणि त्यावर कुठला शिक्काही नसतो. मला तर वाटते की तुम्ही मालिका सरसकट बंद केलीत तर तुमचा मुलगा मालिकेपासून वाचेल आणि तिच्या तुकड्यांच्या तावडीत सापडेल. त्याला एकदा विचारा की तुला यातला कुठला तुकडा आवडतो, दाखव बरे. तो काय दाखवतो यावरून तुम्हाला पुढचे बरेच कळेल.

या तुकड्यांचे आणखी एक टोक आहे आणि ते सतरा वर्षांच्या पुतण्याच्या कानावरही घाला. चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या सीमेवर गावठी कट्ट्यांचा बेकायदा धंदा चालतो, त्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. कोयता किंवा कट्टा हातात धरून, मालिकेतला संवाद तोंडी घालून केलेली रील पोलिसांच्या दृष्टीने गंमत नसते. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते हे खरे, पण मंडळापुढे जाणे म्हणजे सुटणे नव्हे, आणि पुतण्याला अठरा पूर्ण व्हायला किती महिने उरले आहेत हे त्याने स्वतःच मोजून पाहावे. हे त्याला धमकावून सांगू नका. तो तुमच्याकडे पाहुणा आहे, आणि तुमच्या मुलाच्या नजरेत तो आज मालिकेतल्या अधिकाऱ्याइतकाच मोठा आहे. त्याला बाजूला घेऊन म्हणा की धाकटी बहीण खोलीत आली की तू टीव्ही बदल, ही जबाबदारी तुझी. सतरा वर्षांच्या मुलाला हुकूम सोसत नाही, जबाबदारी बहुधा सोसते.

दुसऱ्या पर्वाला 'नाही' म्हणताना मुलगा चिडेल. 'सोळा लिहिले आहे म्हणून नाही' असे कारण देऊ नका, कारण पहिल्या पर्वावरही सोळाच लिहिले होते आणि तो ते लगेच दाखवून देईल. 'त्यात एका माणसाचा छळ फक्त मजा म्हणून दाखवला आहे आणि तो मला माझ्या घरात नको आहे' हे खरे कारण सांगा. पटणार नाही, पण कळेल. यजमानांनी त्या वेळी 'जाऊ दे ना' असे म्हटले तर सगळा डाव उधळेल, म्हणून तुम्हा दोघांचे आपसात आधी ठरू द्या, आणि त्यासाठी त्यांना दुसऱ्या पर्वाचा दुसरा भाग एकदा दाखवा. तो पाहूनही त्यांचे मत बदलले नाही तर मला पुन्हा लिहा.

मुलीसाठी वेगळे प्रोफाइल करा आणि तिच्या वयाची मर्यादा त्यात घाला. बहुतेक ॲपमध्ये हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि यूए १३+ व त्यावरच्या आशयाला अशी कुलपाची सोय देणे कंपन्यांवर बंधनकारकच आहे. मोठ्यांच्या प्रोफाइलला नवा पिन घाला. या वेळी घरातल्या कुणाचीही जन्मतारीख नको, लग्नाची तारीखही नको, आणि गाडीचा क्रमांक तर पुतण्या दुसऱ्याच प्रयत्नात घालून पाहील.

तुमची,
ताई

(पत्रलेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मालिकेचे नाव मुद्दाम छापलेले नाही.)